माणगावचा थांबा : रस्ता, पाणी आणि रेल्वे

रायगड जिल्ह्यातले माणगाव काळ नदीच्या काठी वसलेले आहे. मुंबई-गोवा महामार्ग गावाच्या मधून जातो. पूर्वेला निजामपूर, विळे आणि ताम्हिणी घाटावरून पुण्याचा रस्ता फुटतो. पश्चिमेला मोर्बा आणि म्हसळ्यावरून श्रीवर्धन, दिघीकडे जाणारा. कोकण रेल्वेचे स्थानक गावालगत आहे. तालुक्याच्या या ठिकाणाला नावाजलेला गड नाही, जुने बंदर नाही, मोठे देवस्थानही नाही. त्याचे नावसुद्धा त्याच्या एकट्याचे नाही : १९२० च्या परिषदेमुळे इतिहासात गेलेले माणगाव कोल्हापूरकडचे आणि टेंबेस्वामींचे माणगाव कुडाळ तालुक्यातले. रायगडमधले माणगाव वाढले ते बांधकामांमुळे. आधी रस्ता आला, मग वीजनिर्मितीतून सुटलेले पाणी, मग लोहमार्ग आणि आता औद्योगिक क्षेत्र. यांपैकी एकही काम मुळात माणगावसाठी काढलेले नव्हते. दूरच्या कोणाच्या तरी गरजेसाठी ती झाली आणि वाटेत जिथे त्यांना थांबा, फाटा किंवा मोरी मिळाली तिथे स्थानिकांच्या हाती काही लागले. माणगावचा आर्थिक इतिहास बराचसा या थांब्यांचा इतिहास आहे.

ब्रिटिश अमलाच्या आधी या भागाचा व्यापार पूर्व-पश्चिम चाले. देशावरचा माल कुंभे, कावळ्या, देवघाट अशा घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून उतरे आणि खाडीकाठच्या पेठांत गलबतांवर चढे. सावित्रीवरचे महाड ही त्यांतली मोठी पेठ. माणगाव तालुक्यातले गोरेगाव, म्हणजे जुने घोडेगाव, बाणकोट खाडीच्या फाट्याने समुद्राशी जोडलेले होते. त्या व्यवस्थेत माणगाव वाटेवरचे एक गाव होते, इतकेच. दक्षिणोत्तर जाण्यासाठी खुष्कीची वाट सोयीची नव्हतीच. कुंडलिका, काळ, सावित्री अशा नद्या आडव्या, आणि समुद्र बाजूलाच असताना इतक्या नद्या ओलांडण्याचे कारणही नव्हते.

दक्षिणोत्तर रस्ता झाला तो महाबळेश्वरच्या हवेसाठी. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत महाबळेश्वर हे गोऱ्या अधिकाऱ्यांचे थंड हवेचे ठिकाण म्हणून उभे राहिले. मुंबईहून तिथे पोचण्याचा रिवाजी मार्ग असा : होडीने नागोठण्यापर्यंत, तिथून पालखीत किंवा घोड्यावरून कोलाड, इंदापूर, दासगाव या वाटेने महाड आणि मग पार घाट चढून वर. या प्रवासासाठी नागोठणे-महाड रस्त्याची देखभाल होऊ लागली. त्याच रेषेवर पुढे आजचा महामार्ग आला. पण १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि महाबळेश्वरचे पाहुणे पुणे-वाईमार्गे जाऊ लागले. ज्यांच्यासाठी रस्ता राखला होता, तेच त्यावरून नाहीसे झाले. कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, हा १८६९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, माणगाव त्यात एका तालुक्याचे ठिकाण बनले. कचेरी आली, कोर्ट आले, पण व्यापारी पेठ म्हणून गोरेगाव आणि महाडच पुढे राहिले.

पुढचे मोठे बांधकाम तालुक्याच्या ईशान्य टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी झाले. मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना वीज हवी होती. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला, १९२२ मध्ये भिवपुरीला आणि १९२७ मध्ये भिऱ्याला जलविद्युत केंद्रे सुरू केली. भिऱ्याचे तंत्र सोपे आणि धाडसी आहे. मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. तिचे पाणी भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. मुळशीला धरण बांधून ते अडवले, डोंगराच्या पश्चिम कड्यावर आणले आणि मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली भिऱ्याच्या जनित्रांवर सोडले. वीज तारांनी मुंबईला गेली. पाणी मात्र कोकणातच राहिले आणि कुंडलिकेच्या पात्रात उतरले.

या वळवलेल्या पाण्याची किंमत घाटमाथ्यावर मोजली गेली. मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी धरणाखाली जाणार होत्या. १९२१ मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने मिळाली. लढा काही वर्षे चालला, धरण झाले, गावे उठली. एका खोऱ्याचे नुकसान आणि दुसऱ्या खोऱ्याचा लाभ एकाच भिंतीने घडवला, हे भिऱ्याच्या फायद्याचा हिशेब मांडताना लक्षात ठेवावे लागते. कारण कोकणातला तो लाभ लहान नाही. पश्चिम उतारावरच्या नद्या दिवाळीनंतर आटू लागतात. कुंडलिका आटत नाही, कारण मुंबईला रोज वीज लागते. स्वातंत्र्यानंतर राज्याच्या पाटबंधारे खात्याने कोलाडजवळ डोलवहाळ येथे बंधारा घालून हे सुटलेले पाणी पुन्हा अडवले आणि कालव्यांत वळवले. काळ प्रकल्पाच्या या कालव्यांपैकी एक माणगाव, गोरेगावच्या बाजूला येतो.

पावसाळी भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या मुलखात त्याने दुसरे पीक आणले. कोकणात साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मार्चमध्ये शेत कोरडे असते. जमीन उताराची, दगड फोपशा, पाणी टिकत नाही. कालव्याच्या आवाक्यातल्या गावांत डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी भाताची लावणी होऊ लागली, कुठे कलिंगड, कुठे वाल आणि भाजी. चार महिने मुंबईला किंवा वीटभट्टीवर जाणारा माणूस गावात राहण्याचे हे एक कारण झाले. फायदा मात्र पाण्याच्या पाळीवर अवलंबून राहिला. कालव्याची दुरुस्ती लांबली की पाणी उशिरा सुटते आणि शेवटच्या टोकाच्या गावांत लावणी चुकते. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही ही तक्रार महाराष्ट्रात सगळीकडची आहे. माणगाव त्याला अपवाद नाही. कुंडलिकेच्या त्याच सुटत्या पाण्यावर अलीकडे कोलाड परिसरात राफ्टिंगचा धंदा उभा राहिला आहे. सकाळी वीजकेंद्रातून पाणी सुटले की होड्या निघतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माणगावकर मुंबईला जाई तो अर्धा पायी, अर्धा पाण्यावरून. किनाऱ्याच्या बोटी पावसाळ्यात बंद पडत किंवा धोक्याच्या होत; १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून शेकडो माणसे गेली, तो घाव कुलाबा जिल्ह्याच्या आठवणीत अजून आहे. १९४८ पासून राज्य परिवहनाची बस धावू लागली. महाडजवळ सावित्रीवर १९२८ मध्ये दगडी पूल झालाच होता. पनवेलपासून किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे जाणारा हा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग १७ झाला आणि २०१० च्या फेरक्रमांकनात ६६. बसने माणगावला प्रथमच खरा थांबा दिला. म्हसळा, श्रीवर्धन, तळा, निजामपूरकडच्या माणसाला मुंबईची गाडी माणगावला मिळे, म्हणून डब्याची पिशवी, आजारी माणूस, दाव्याची कागदपत्रे आणि लग्नाचा बस्ता या सगळ्यांची वाट माणगाव एसटी स्टँडवरून जाऊ लागली. याच काळात जुनी पेठ गोरेगाव मागे पडू लागली. महामार्ग गोरेगावला न जाता दोन-तीन किलोमीटरवरच्या लोणेऱ्यावरून गेला. खाडीची वाहतूक संपली आणि रस्त्याची दुसऱ्या गावाने घेतली.

तरी बस पुरेशी नव्हती. माणगाव तालुक्यातून मुंबईला गेलेला माणूस, म्हणजे कोकणच्या भाषेत चाकरमानी, हा गिरणीत, गोदीत, हॉटेलात, घरकामात होता. त्याच्या मनीऑर्डरीवर गावातले घर चाले. मोर्बा, गोरेगाव, म्हसळा भागातील कोकणी मुसलमान कुटुंबांतले पुरुष जहाजांवर आणि नंतर आखाती देशांत गेले. गावात बायका, म्हातारी माणसे आणि शेत. अशा समाजाला वाहतूक ही चैन नसते. ती घर एकत्र ठेवण्याची सोय असते. कोकणात रेल्वे का हवी, याचे सर्वांत ठोस उत्तर हेच होते. रेल्वेच्या हिशेबात मात्र ते बसत नव्हते, कारण मालवाहतूक थोडी आणि डोंगर फार.

कोकणच्या रेल्वेची मागणी एकोणिसाव्या शतकापासूनची. स्वातंत्र्यानंतर अ. ब. वालावलकरांनी ती चिकाटीने लावून धरली, बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत मांडली आणि राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते यांनी शेवटपर्यंत नेली. काम तुकड्यातुकड्यांनी झाले. दिवा-पनवेल मार्ग साठच्या दशकात झाला, मग आपटा आणि १९८६ मध्ये रोहा. रोह्याला रूळ चार वर्षे थांबले. माणगाव तिथून हाकेच्या अंतरावर होते, पण मध्ये नियोजन आयोगाची नकारघंटा होती. १९८९ च्या अखेरीस दिल्लीत सरकार बदलले, दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. आता पैशाची वाट वेगळी काढली गेली. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेली रक्कम करमुक्त रोख्यांतून उभी करायची होती. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली. अध्यक्ष होते ई. श्रीधरन.

रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला होता आणि त्यातला उत्तरेकडचा पहिला विभाग महाडचा. त्याच्या वाट्याला कशेडी आणि पुढचे डोंगर आले. पण रोह्यापासून वीरपर्यंतचा सत्तेचाळीस किलोमीटरचा तुकडा तुलनेने सपाट, भातखाचरांचा होता. म्हणून तो आधी झाला. दक्षिणेकडे मंगळूर-उडुपी गाडी मार्च १९९३ मध्ये सुरू झाली आणि उत्तरेकडे जून १९९३ मध्ये रोहा-वीर. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर अशी स्थानके. गोरेगावच्या नावापुढे ‘रोड’ लागले, कारण गाव स्थानकापासून दूर. माणगावला ते लावावे लागले नाही, कारण स्थानक गावालगतच. रस्त्याने सुरू केलेली अदलाबदल रुळांनी पुरी केली. संपूर्ण मार्गावर गाड्या धावायला जानेवारी १९९८ उजाडला. रत्नागिरीला रेल्वे पोचण्याच्या काही वर्षे आधीच ती माणगावला होती.

सपाट भाताच्या जमिनीतून रूळ नेणे अभियंत्यांना सोपे आणि शेतकऱ्यांना महाग. साऱ्या मार्गासाठी सुमारे ४२ हजार खातेदारांची जमीन घ्यावी लागली. ती तुलनेने लवकर मिळाली याचे श्रेय महामंडळाच्या गावोगावच्या बैठकांना दिले जाते, आणि ते योग्य आहे. पण त्याच्या मागे चाळीस वर्षांपूर्वीचा एक कायदा उभा होता, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. दक्षिण कुलाब्यात खोती होती. जमीन कसणारा कुणबी कूळ होता, मालक नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोतीविरोधी विधेयक आणले. ते तेव्हा संमत झाले नाही. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा यांनंतर कुळांची नावे सातबाऱ्यावर चढली. रेल्वे १९३० मध्ये आली असती तर मोबदला खोताला मिळाला असता. १९९० मध्ये आली म्हणून तो कसणाऱ्याला मिळाला. लोहमार्गाच्या सामाजिक फायद्यांत हा मोबदला धरला पाहिजे, आणि तो ज्या सुधारणेमुळे योग्य हातात पडला ती सुधारणाही.

अर्थात हात अनेक होते. सातबारा सामाईक, वारस मुंबईत, बहिणींची हक्कसोड झालेली किंवा न झालेली. लहानशा पट्टीचे पैसे आठ-दहा जणांत वाटले गेल्यावर त्यातून धंदा उभा राहत नाही; घराला मंगलोरी कौले पडतात, एखादे लग्न होते. जमीन गेलेल्या कुटुंबांना नोकरीत प्राधान्य देण्याचे धोरण महामंडळाने ठेवले आणि ‘प्रकल्पग्रस्त’ हा दाखला कोकणात एक मोलाचा कागद झाला. त्या दाखल्यावर नोकरी मिळालेले रूळवाले, गेटमन, कारकून या पट्ट्यात आहेत. दाखला हातात घेऊन वाट पाहत वयोमर्यादा ओलांडलेलेही आहेत. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्या कातकऱ्यांना यातले काहीच मिळाले नाही. तालुक्याच्या डोंगरकडेला त्यांच्या वाड्या आहेत. पूर्वी कोळशाच्या भट्ट्या आणि आता विटांच्या भट्ट्या हे त्यांचे काम. बांधकाम वाढले की विटांना मागणी वाढते, या आडवाटेनेच विकास त्यांच्यापर्यंत पोचला, आणि तोही बहुधा आगाऊ उचलीच्या रूपात.

प्रवाशांचा फायदा लगेच दिसला. गणपतीत आणि शिमग्याला माणगावचे फलाट भरून वाहू लागले. सावंतवाडी-दिवा गाडी सगळीकडे थांबणारी, म्हणून सगळ्यांची. मांडवी आणि तुतारी या एक्स्प्रेस गाड्यांनाही माणगावला थांबा मिळाला. बसला लागणारा वेळ रस्त्याच्या दशेवर अवलंबून होता, गाडीचा निदान वेळापत्रकात छापलेला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या होत्या आणि मुंबईतले काम लालबाग-परळमधून सरकून पनवेल, नवी मुंबई, नागोठणे, रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीकडे आले होते. रेल्वे नेमक्या त्या पट्ट्यातून आली. चाळीतली खोली सुटलेल्या माणसाला माणगावात घर ठेवून रोहा-पनवेलकडे कामाला जाणे काही प्रमाणात शक्य झाले. गिरणीच्या भरभराटीच्या काळात रेल्वे आली असती तर तिने गाव आणखी रिकामे केले असते, असे म्हणायला जागा आहे.

शिक्षणाचा फायदा लोणेऱ्याला दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ मध्ये तिथे स्थापन झाले. महाडच्या चवदार तळ्यापासून जवळच, महामार्गाच्या कडेला. चारच वर्षांत शेजारून रेल्वे सुरू झाली. विदर्भ-मराठवाड्यातले विद्यार्थी कोकणातल्या खेडेगावात येऊन राहू लागले, त्यांच्यासाठी खोल्या, खानावळी, झेरॉक्सची दुकाने निघाली. गावाने विद्यापीठ पोसले आणि विद्यापीठाने गाव, अशी ही देवाणघेवाण आहे. रस्ता किंवा रूळ यांपैकी एक नसता तरी ती झाली असती, पण इतकी नाही.

पर्यटनाने माणगावला पैसा दिला, आणि तो ज्यांचा समुद्र आहे त्यांच्या आधी. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर यांना सर्वांत जवळचे मोठे स्थानक माणगाव. १९९७ मध्ये दिवेआगरला जमिनीत सोन्याचा गणेश मुखवटा सापडला आणि तिकडे रीघ लागली. उतरणारा प्रवासी स्टेशनवर रिक्षा किंवा जीप करतो, बाजारात जेवतो, वाटेत पाणी आणि औषध घेतो. रायगड किल्ल्यालाही निजामपूर-पाचाडमार्गे इथून जाता येते. पुण्याच्या बाजूने ताम्हिणी घाटाचा रस्ता सुधारल्यावर ही वर्दळ दुहेरी झाली : पावसाळ्यात धबधबे पाहणारे, हिवाळ्यात समुद्राकडे जाणारे. दर पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो, तेव्हा माणगावच्या हॉटेलवाल्याला पुण्याची गर्दी किती मोलाची आहे ते कळते. २०१२ मध्ये मुखवट्याची चोरी झाली आणि दिवेआगरची गर्दी ओसरली, त्याचाही फटका या चौकात जाणवला.

रेल्वेच्या तोट्याच्या बाजूही नोंदल्या पाहिजेत. कर्जाचे व्याज भागवण्यासाठी कोकण रेल्वेने प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरून भाडे आकारले, त्यामुळे कोकणचा प्रवासी देशातल्या इतरांपेक्षा जास्त देत राहिला. मार्ग एकेरी, म्हणून पॅसेंजर गाडी केरळच्या एक्स्प्रेसला वाट देत बाजूला उभी. ज्यांनी जमीन दिली त्यांची गाडी थांबते आणि लांबची जाते, हा सल कोकणात जुना आहे. २००४ मध्ये महाडजवळ करंजाडी येथे मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला; पावसाळ्यात वेगळे, संथ वेळापत्रक लागू असते. कोविडच्या काळात रत्नागिरी-दादर पॅसेंजर दिव्यापर्यंतच येऊ लागली आणि ती पुन्हा दादरला न्यावी ही मागणी त्यानंतर चालू राहिली. रोहा-वीर दुहेरी मार्ग ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाला, २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण. वीरच्या पुढे मार्ग बहुतांश एकेरीच आहे, म्हणून दुहेरीकरणाचा खरा उपयोग माणगावच्या पट्ट्याला होतो. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली.

रेल्वे तीन वर्षांत माणगावला आली. शेजारचा महामार्ग रुंद व्हायला पंधरा वर्षेही पुरली नाहीत. पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि कंत्राटदारांच्या अडचणी, भूसंपादन, वनखात्याच्या परवानग्या यांत अडकले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा जुना पूल पुरात वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन बसही गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये, १६५ दिवसांत बांधून झाला. इच्छा असली की काम किती वेगाने होते याचा तो पुरावा इतर सर्व तुकड्यांच्या विरोधात गेला. जानेवारी २०२३ मध्ये गोरेगावजवळ रेपोलीला व्हॅन आणि ट्रकची धडक होऊन अनेकांचा बळी गेला. इंदापूर आणि माणगावचे बाह्यवळण रस्ते वर्षानुवर्षे अपुरे राहिले, त्यामुळे रुंद झालेल्या महामार्गाची सगळी वाहने माणगावच्या बाजारातल्या अरुंद पट्टीत येऊन अडकतात. सणासुदीला काही किलोमीटरच्या रांगा लागतात, रुग्णवाहिका त्यातच.

या कोंडीत बाजाराचे दोन तट आहेत. गावात राहणाऱ्याला, शाळेत जाणाऱ्या मुलाला, स्टँडसमोर रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला बाह्यवळण काल हवे होते. रस्त्यालगतच्या हॉटेलवाल्याला, काजू-कोकम विकणाऱ्याला, पंक्चरवाल्याला गाड्या थांबलेल्या बऱ्या. महाराष्ट्रात बाह्यवळण झालेल्या अनेक गावांत जुन्या रस्त्यावरचा धंदा नव्या फाट्यावर सरकला आणि जागा असलेल्यांनीच तो पकडला. माणगावची बाजू थोडी बळकट आहे, कारण म्हसळा-पुणे हा आडवा रस्ता गावातच राहणार आहे. तो आता दिघी बंदरापासून माणगाव, पुणे, अहिल्यानगर असा राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ आहे.

ज्या कारणासाठी तो रस्ता राष्ट्रीय झाला ते कारण उद्योग. विळे-भागाड येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाली आणि दक्षिण कोरियाच्या पोस्को कंपनीने तिथे मोटारींसाठी लागणाऱ्या पोलादी पत्र्याचा कारखाना उभारला. पहिला भाग २०१२ मध्ये चालू झाला, पुढे वर्षाला १८ लाख टन क्षमतेच्या शीतलोटणाची (कोल्ड रोलिंग) त्यात भर पडली. पुणे-चाकणचे मोटार कारखाने घाटापलीकडे आणि बंदर घाटाखाली, म्हणून जागा इथली. निजामपूर-विळे रस्त्यावर कोरियन खाण्याची सोय झाली, घरांची भाडी वाढली, कंत्राटी कामगार बिहार आणि उत्तर प्रदेशातून आले. अशा कारखान्यात यंत्रे जास्त आणि माणसे कमी लागतात, हे स्थानिकांना उशिरा समजले.

त्याच सुमारास दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील दिघी बंदर औद्योगिक क्षेत्रासाठी माणगाव, रोहा, तळा तालुक्यांतील कितीतरी गावांत भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या. यात कालव्याचे पाणी मिळणारी, दोन पिके देणारी जमीनही होती. गावांनी विरोध केला, मोर्चे निघाले आणि क्षेत्र घटवावे लागले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात दिघी आहे : सुमारे सहा हजार एकर क्षेत्र, साडेपाच हजार कोटींच्या आसपास खर्च आणि १ लाख १४ हजार रोजगारांचा अंदाज. दिघी बंदर २०२१ पासून अदानी समूहाकडे आहे.

या घोषणांचा परिणाम कारखान्यांच्या आधी जमिनीच्या बाजारात दिसला. शेताचे तुकडे बिनशेती होऊन प्लॉट पडले, मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदारांनी ते घेतले, ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली आणि पाणीपुरवठा, कचरा, सांडपाणी हे प्रश्न शहराच्या मापाचे झाले. मोबदला रेल्वेच्या काळापेक्षा कितीतरी मोठा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण जमिनीची भरपाई बाजारभावाच्या पटीत ठरवली आणि वाटाघाटीत गावांचे बळ वाढवले. हा मोबदला वाटला मात्र जातो जुन्याच पद्धतीने, सामाईक सातबाऱ्यावरच्या नावांप्रमाणे, आणि वाटणीचे दावे माणगावच्या न्यायालयात चालतात.